आवाज कोणता घ्यावा?
ध्वनिसामग्रीच्या प्रदर्शनात एक दिवस

आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात दर रविवारी सकाळी सामुदायिक वंदना होते. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, म्हणजे वर्षावासाच्या काळात, रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. विहार जुना होता तेव्हा वर पत्रे होते, खाली शहाबादी फरशी होती आणि बाजूला लाकडी फळ्या होत्या. समाजबांधवांनी पै पै जमवून तो पक्का बांधला. वर स्लॅब पडला, खाली गुळगुळीत टाइल्स आल्या, भिंतींना चकचकीत गिलावा झाला. विहार देखणा झाला, पण एक गोष्ट बिघडली. भन्तेजींचे प्रवचन कुणाला समजेना.

हे पहिल्यांदा बोलून दाखवले ते आमच्या काकांनी. वय वर्षे चौऱ्याहत्तर. गिरणीच्या रिंग खात्यात १९८२ च्या संपापर्यंत त्यांनी काम केले. गिरण्यांच्या विणखात्याचे दार एके काळी आपल्या माणसांना बंद होते आणि १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला होता, हे काका पोरांना नेहमी सांगतात. रिंग खात्याच्या आवाजाने त्यांचे कान मात्र कायमचे अधू केले. एका रविवारी प्रवचन संपल्यावर त्यांनी शेजारच्या मुलीला विचारले, “पोरी, भन्तेजी आज काय म्हणाले गं? आवाज येतो, पण शब्द येत नाही.”

मग चौकशी केली तेव्हा कळले की, असे म्हणणारे काका एकटे नाहीत. मागच्या रांगेतल्या सात-आठ म्हाताऱ्या आया केवळ श्रद्धेने बसत होत्या. दोघीतिघींनी येणेच सोडले होते. ज्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेनंतरची पहिली वर्षे डोळ्यांनी पाहिली, त्यांनाच विहारात धम्म ऐकू येऊ नये, ही गोष्ट मनाला लागली.

विहार समितीची बैठक झाली. नवी ध्वनिसामग्री घ्यायची ठरले. धुणीभांडी करणाऱ्या भगिनी, सफाई कामगार, रिक्षाचालक, वॉचमन यांनी शंभर, दोनशे, पाचशे अशी वर्गणी दिली आणि अठ्ठावन्न हजार रुपये जमले. एका दुकानदाराने सांगितले, “दोन मोठ्या बेसच्या पेट्या घ्या, दोन हजार वॅट, पंच्याण्णव हजार. बाकीचे हप्त्याने द्या.” तरुण मंडळी खूश झाली; जयंतीलाही उपयोग होईल म्हणाली. ज्येष्ठांचे म्हणणे पडले की, जुना कर्णाच बरा होता, तसलाच नवा आणा. वाद वाढला. शेवटी महिला मंडळाच्या ताई म्हणाल्या, “आपण एहिपस्सिको म्हणतो ना? या आणि पाहा. मग दुकानदार सांगतो म्हणून कशाला घ्यायचे? जाऊन ऐकून या, मग पैसे द्या.”

२०२४ च्या उन्हाळ्यात गोरेगाव पूर्वेच्या प्रदर्शन संकुलात ध्वनिसामग्रीचे प्रदर्शन भरले होते. तिथे जायचे ठरले.

चार माणसे, एक पेनड्राइव्ह

आम्ही चौघे निघालो. समितीचे सचिव, महिला मंडळाच्या ताई, काका आणि प्रस्तुत लेखक. प्रदर्शनात विक्रेते आपापली ठरलेली गाणी लावतात आणि ती त्यांच्या पेट्यांवर छानच वाजतात, अशी माहिती एका साऊंडवाल्या मित्राने आधीच दिली होती. “आपल्या ओळखीचा आवाज घेऊन जा,” असा त्याचा सल्ला होता.

म्हणून पेनड्राइव्हमध्ये चार गोष्टी भरून घेतल्या. पहिली, एका जुन्या कॅसेटवरचे भीमगीत. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या कॅसेटनी घरोघरी जो काळ गाजवला त्या काळातले. दुसरी, १९५५ साली बीबीसीने घेतलेली बाबासाहेबांची मुलाखत. तिसरी, आमच्या भन्तेजींच्या आवाजातली वंदना, मोबाईलवर टिपलेली. आणि चौथी, ताईंच्या आवाजात वाचलेले वीस शब्द. ते मुद्दाम एकमेकांना जवळचे निवडले होते. दान, पान, कान, मान. काठी, गाठी, पाटी. शील आणि सील. स्पीकर चांगला असेल तर काकांना ‘दान’ आणि ‘पान’ यांतला फरक कळेल, नाहीतर सगळे सारखेच वाटेल, असा साधा हिशेब.

गालिच्याच्या खोलीत

प्रदर्शनात दोन दुनिया होत्या. एकीकडे श्रीमंतांच्या दिवाणखान्यासाठी ‘हाय-फाय’, म्हणजे मूळ आवाजाशी जास्तीत जास्त इमान राखणारी यंत्रे. दुसरीकडे सभा, सभागृह, लग्नमंडप यांसाठीची सामग्री.

पहिल्या हाय-फाय खोलीत जाड गालिचा, मंद दिवा, काचेच्या नळ्या लालसर पेटलेला ॲम्प्लिफायर आणि माणसाच्या उंचीच्या दोन पेट्या होत्या. किंमत विचारली तर पंधरा लाखांच्या वर. आम्ही आमचे गाणे लावाल का म्हणून विचारले. तिथल्या माणसाने काकांच्या चपलांकडे पाहिले आणि म्हणाला, “इथे फक्त ठरलेलीच गाणी वाजतात.” आमच्या पुढच्या एका पाहुण्याचे गाणे मात्र त्याने मोबाईलवरून लावून दिले होते, ते आम्ही पाहिले होते. ताई काही बोलणार होत्या. काका म्हणाले, “चला, दुकाने पुष्कळ आहेत.”

शेजारच्या खोलीतल्या तरुणाने मात्र पेनड्राइव्ह हातात घेतला, खुर्च्या पुढे ओढल्या आणि म्हणाला, “काका, तुम्ही मधे बसा. दोन्ही पेट्यांपासून सारखे अंतर पाहिजे.”

भीमगीत सुरू झाले आणि आम्ही थक्क झालो. हजार वेळा ऐकलेले गाणे, पण ढोलकीची शाई आणि धुम असे वेगवेगळे कधी ऐकू आले नव्हते. गायकाचा श्वास ऐकू आला. पेटीचा भाता ऐकू आला. आणि काका एकदम म्हणाले, “अरे, कोरसमध्ये बाई पण आहे की!” चाळीस वर्षे ते गाणे ऐकणाऱ्या माणसाला त्या अनाम भगिनीचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा भेटला.

पण त्याचबरोबर कॅसेटची खरखरही तितकीच स्वच्छ ऐकू आली. मग बाबासाहेबांची मुलाखत लावली. लाखोंची यंत्रे, तरी शब्द आमच्या मोबाईलवर ऐकू येतात त्यापेक्षा फार स्पष्ट आले नाहीत. तरुणाने कारण सांगितले. माणसाचा निकोप कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकतो. जुन्या ध्वनिमुद्रणात त्यातला मधला तुकडाच टिपलेला असतो. जे फितीवर उतरलेच नाही, ते कोणतीही पेटी परत आणू शकत नाही. उलट, यंत्र जितके चांगले तितके मूळ फितीतले गुण आणि दोष दोन्ही उघडे पडतात.

तरीही ती मुलाखत त्या खोलीत ऐकताना आम्ही चौघेही सावरून बसलो. खरखरीच्या पलीकडून तो ठाम, न थांबणारा आवाज आला. काकांना इंग्रजी कळत नाही. ते म्हणाले, “बोलणं कळत नाही, पण डगमगत नाहीत ते कळतं.”

त्याच तरुणाने मग पस्तीस हजारांची, फळीवर मावणारी छोटी जोडी लावली. खर्जातला भारदस्तपणा कमी झाला, पण गायकाचा आवाज, ढोलकी, कोरस सगळे जागच्या जागी होते. आमच्या कानांना वाटले, पंधरा आण्यांचा आनंद तिथेच मिळाला. उरलेल्या एका आण्यासाठी लोक लाखो मोजतात. “खरं सांगू का,” तो म्हणाला, “पेटी बदलण्याआधी खोली बघा. हा गालिचा आणि पडदे काढले तर ही महागडी जोडीही घुमेल.” हे वाक्य आम्ही वहीत लिहून घेतले. पुढे तेच सर्वांत उपयोगी पडले.

वॅटचा बाजार

सभागृहाच्या सामग्रीच्या विभागात गोंधळ मोठा होता. एक विक्रेता दोन पेट्या आलटून पालटून वाजवीत होता. महागडी पेटी दर वेळी जास्त चांगली वाटे. सचिवांनी मोबाईलवरचे डेसिबल मोजण्याचे ॲप उघडले, तेव्हा लक्षात आले की महागड्या पेटीचा आवाज तीन-चार डेसिबलने चढा ठेवला होता. कानाची गंमत अशी की, दोन सारख्या वस्तूंपैकी जी थोडी मोठ्याने वाजते तीच चांगली वाटते. आम्ही विनंती केली, “दोन्ही सारख्या आवाजात लावा.” लावल्या. फरक उरला नाही.

दुसरा धडा वॅटचा. वाचकांना आठवत असेल, नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डरच्या खोक्यावर ‘पीएमपीओ’ म्हणून हजारो वॅटचे आकडे छापलेले असत. तो क्षणभराच्या उसळीचा फुगवलेला आकडा. खरा आकडा ‘आरएमएस’चा, म्हणजे यंत्र सतत किती शक्ती देऊ शकते त्याचा. तो पुष्कळदा त्याच्या काही टक्केच निघे. आजही विचारताना ‘आरएमएस किती?’ असेच विचारावे.

शिवाय वॅट दुप्पट केले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही. शंभरचे दोनशे वॅट केले तर वाढ होते केवळ ३ डेसिबलची. कानाला दुप्पट वाटायला १० डेसिबल लागतात, म्हणजे वॅट दहापट करावे लागतात. त्यापेक्षा पेटी किती कार्यक्षम आहे ते पाहणे शहाणपणाचे. एका वॅटवर एक मीटर अंतरावर घरगुती पेटी साधारण ८६ ते ८८ डेसिबल आवाज देते, तर सभेचा कर्णा १०५ च्याही पुढे जातो. म्हणूनच जुन्या काळी आहुजाचा लहानसा ॲम्प्लिफायर आणि झाडाला बांधलेले दोन कर्णे यांवर मोठमोठ्या सभा पार पडत.

काकांची परीक्षा

आता मुख्य काम. काकांना खुर्चीवर बसवले, डोळे मिटायला सांगितले आणि ताईंचे वीस शब्द वेगवेगळ्या पेट्यांवर सारख्या आवाजात वाजवले. काका जो शब्द ऐकू येईल तो म्हणत, सचिव खूण करीत.

चाकांच्या मोठ्या बेसच्या पेटीवर वीसपैकी नऊ शब्द बरोबर आले. ‘दान’चे ‘रान’ झाले, ‘शील’चे ‘बील’ झाले. छाती दणाणत होती, पण शब्द बुडत होते. कर्ण्यावर तेरा आले. लांब जाणारा, टोचणारा आवाज; शब्द बरे कळत, पण भन्तेजींची वंदना लावली तर ती रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखी वाटे. मग आम्ही पोहोचलो उंच, अरुंद ‘कॉलम’ स्पीकरपाशी. एका उभ्या पेटीत एकाखाली एक लहान लहान स्पीकर बसवलेले. दिसायला अगदी साधा. काकांनी सतरा शब्द बरोबर सांगितले आणि डोळे उघडून विचारले, “ताई प्रत्यक्ष बोलल्या का मधे?”

असे का झाले, हे तिथल्या तंत्रज्ञाने कागदावर आकृती काढून समजावले. आपल्या बोलण्यातले स्वर, म्हणजे आ, ई, ऊ, हे खालच्या पट्टीत असतात आणि जोरकस असतात. पण शब्दाचा अर्थ ठरतो तो स, श, त, क, फ अशा व्यंजनांवर, आणि ती वरच्या पट्टीत असून नाजूक असतात. वयाने कान थकतो तो वरच्या पट्टीपासून. यंत्रांच्या गोंगाटानेही आधी ४,००० हर्ट्झच्या आसपासची श्रवणशक्ती जाते. म्हणजे काकांना स्वर ऐकू येतात, व्यंजने हरवतात. म्हणून ‘आवाज येतो, शब्द येत नाही’. बेस वाढवला की खालचा आवाज वरच्या नाजूक व्यंजनांवर चढून बसतो आणि उरलेसुरले शब्दही जातात.

कॉलमचा गुण वेगळा. एकावर एक बसवलेल्या स्पीकरमुळे आवाज आडवा पसरतो, पण वर-खाली फारसा फाकत नाही. त्यामुळे छताला आणि फरशीला आपटून परत येणारा घुमारा कमी होतो. आमच्यासारख्या स्लॅब आणि टाइल्सच्या विहाराला हेच हवे होते.

येताना लोकलमध्ये काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मी समजत होतो माझे कानच गेले. निम्मा दोष भिंतीचा होता म्हणायचा.”

आधी भिंत, मग पेटी

परत आल्यावर विहारात मधोमध उभे राहून टाळी वाजवली. टाळीमागून ‘झुंइं’ असा नाद कितीतरी वेळ रेंगाळला. एक शब्द विरण्याआधी दुसरा त्यावर पडत होता. इथे दोन हजार वॅट लावले असते तर घुमाराही दोन हजार वॅटचा झाला असता.

महिला मंडळाच्या भगिनींनी घरोघरच्या जुन्या लुगड्यांच्या जाड गोधड्या काढल्या. मागच्या भिंतीवर लाकडी पट्ट्या ठोकून त्या ताणून बसवल्या आणि वरून पांढरे कापड लावले. जमिनीवर सतरंज्या अंथरल्या. खिडक्यांना जाड पडदे केले. खर्च कापडाचा आणि खिळ्यांचा. पुन्हा टाळी वाजवली. नाद निम्म्याहून कमी झाला होता. आयांनी विणलेल्या टाक्यांनी भन्तेजींचे शब्द धरून ठेवले, असे ताई म्हणाल्या ते खोटे नाही.

मग सामग्री घेतली. दोन कॉलम स्पीकर, एक मध्यम ॲम्प्लिफायर, दोन माईक, वायर आणि स्टँड. एकूण एकेचाळीस हजार. कॉलम बसवताना ते माईकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून, बसलेल्या माणसाच्या कानापेक्षा थोडे उंच ठेवले. माईक स्पीकरच्या समोर आला की स्पीकरचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. ती आता थांबली. बोलणाऱ्याने माईक तोंडापासून चार बोटे अंतरावर धरायचा, टिचकी मारायची नाही, फुंकर घालायची नाही, हेही सर्वांना शिकवले. उरलेल्या सतरा हजारांतून अभ्यासिकेसाठी टेबले आणि दिवे घेतले. पावत्या विहाराच्या फलकावर लावल्या आहेत.

जयंतीसाठी, घरासाठी

तरुण मंडळींना वाटेल की, आम्ही जयंतीच्या उत्साहावर पाणी ओततो आहोत. तसे नाही. १४ एप्रिलला वाजतगाजत निघायलाच हवे. परंतु ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांहून अधिक कानावर पडला तर इजा होण्याचा धोका सुरू होतो, असे जाणकार मानतात. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते आणि मोठ्या भिंतीएवढ्या पेट्यांसमोर आवाज त्याहून कितीतरी जास्त असतो. त्या भिंतीपुढे खांद्यावर तान्हे बाळ घेऊन उभे असलेले बाप आपण पाहतो. काकांचे कान भाकरीसाठी गेले. आपल्या लेकरांचे कान कशासाठी जावेत?

कायदाही लक्षात असू द्यावा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. ठरावीक दिवशी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देते; तिची माहिती आधी काढून परवानगी लेखी घ्यावी.

घरासाठी काही घ्यायचे असेल तर एवढे करावे. आपले ओळखीचे गाणे आणि एखादे भाषण सोबत न्यावे. दोन वस्तू सारख्या आवाजात ऐकाव्यात. बेस आणि ट्रेबल मधोमध ठेवायला सांगावे. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला सोबत न्यावे आणि शब्द समजतात का ते त्यालाच विचारावे. आणि घरी जुन्या भीमगीतांच्या, जलशांच्या, सभांच्या कॅसेट असतील तर त्या फेकू नयेत. फितीला बुरशी लागते, ती सुकते, चिकटते. एखाद्या जाणत्या मुलाकडून त्या संगणकावर उतरवून घ्याव्यात. त्या कोरसमधल्या भगिनीसारखी कितीतरी आपली माणसे त्या फितींतच तेवढी उरली आहेत.

तथागतांनी सोण नावाच्या भिक्खूला वीणेचा दाखला दिला होता. तार फार ताणली तरी सूर बिघडतो, फार सैल सोडली तरी बिघडतो. आवाजाच्या बाबतीत आम्हाला हा दाखला शब्दशः अनुभवास आला.

त्या वर्षीच्या वर्षावासात पहिल्या संध्याकाळी येणे सोडलेल्या आया मुद्दाम बोलावून आणल्या. ग्रंथवाचन झाले. काका नेहमीप्रमाणे मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसले होते. वाचन संपल्यावर शेजारच्या मुलीने सवयीने त्यांच्या कानाशी वाकून काय वाचले ते सांगायला सुरुवात केली. काकांनी तिला हाताने थांबवले.

“थांब पोरी,” ते म्हणाले, “आज मी सांगतो, तू ऐक.”